जूलियन या नावाचे यमक

मराठी कवींच्या नामावळीत एक नाव असे आहे, की शाळकरी मुलाला ते प्रथम वाचताना हमखास अडखळायला होते. माधव हे नाव घरचे, पण त्यापुढचे जूलियन थेट विलायतेचे. हे कवी ख्रिस्ती असावेत, निदान गोव्याकडचे तरी असावेत, असा समज अनेकांचा वर्षानुवर्षे होत आला. प्रत्यक्षात ते बडोद्यात २१ जानेवारी १८९४ रोजी जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन. मराठीतील छंद, वृत्त आणि यमक यांचा सर्वांत कसोशीने अभ्यास करणाऱ्या या पंडिताने स्वतःसाठी मात्र असे आडनाव निवडले, की ज्याला मराठीत यमकच मिळू नये!

हे नाव आले कोठून, याविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. मारी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या 'गॉड्स गुड मॅन' या कादंबरीत जूलियन नावाचा एक कवी आहे. ते पात्र माधवरावांच्या मनात भरले आणि त्याचे नाव त्यांनी घेतले, ही एक. शेलीच्या 'जूलियन अँड मडालो' या काव्याकडे बोट दाखविणारी दुसरी. दोहोंपैकी कोणतीही खरी धरली, तरी तरुण वयातील इंग्रजी वाचनाचा हा ठसा आहे, एवढे निश्चित. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी अशी टोपणनावे रूढ असलेल्या काळात हे परके आडनाव धारण करणे म्हणजे टीकेला आमंत्रणच होते. ते त्यांनी दिले आणि अखेरपर्यंत निभावले.

यमकाच्या दृष्टीने पाहता मूळचे आडनाव तरी कोठे सोयीचे होते? पटवर्धनशी जुळणारे संवर्धन, गोवर्धन, हर्षवर्धन हे शब्द चटकन आठवतात. पण त्या सर्वांत वर्धन हा एकच शब्द पुन्हा येतो. कानाला नवे काही मिळत नाही. निर्धन म्हणावे तर अकाराच्या जागी इकार येतो. मर्दन म्हणावे तर स्वर जुळतो, पण ध चा द होतो. जूलियनची स्थिती याहून बिकट. नयन, शयन, चयन हे शब्द जवळचे वाटतात खरे, परंतु त्यांत य च्या आधी अकार आहे आणि जूलियनमध्ये इकार. काटेकोर कानाला हे यमक नव्हे, यमकाचा भास आहे. पूर्ण जुळणारे शब्द शोधू गेल्यास हाती लागतात मिलियन, युनियन, इंडियन. म्हणजे पुन्हा विलायतच.

नागपूरकरांना हाच भेद घरचे उदाहरण घेऊन पाहता येईल. लकडगंजशी शतरंज पूर्ण जुळते. पुंज जुळल्यासारखे वाटते, पण शेवटचे व्यंजन तेच असूनही आधीचा स्वर बदललेला असल्यामुळे कान किंचित खटकतो. फारसी आणि उर्दू काव्यशास्त्रात या आधीच्या स्वराला अलामत म्हणतात, यमकाला काफिया म्हणतात आणि काफियानंतर जसाच्या तसा पुन्हा येणाऱ्या शब्दाला रदीफ. मराठी कवितेला या शिस्तीची नीट ओळख करून दिली ती जूलियन यांनी. योगायोग असा, की लाकडाच्या वखारींनी ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीच्या नावातला गंज हा शब्दही फारसीच आहे.

फारसी हा त्यांच्या विद्वत्तेचा पाया होता. १९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत होते. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्याचे ते आधारस्तंभ ठरले. यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे, वि. द. घाटे, दिवाकर ही त्यातील मंडळी दर रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि कविता वाचत. याच मंडळातले ग. त्र्यं. माडखोलकर पुढे नागपुरात आले आणि 'तरुण भारत'चे संपादक म्हणून वऱ्हाड-नागपूरच्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाले. मंडळाच्या कवितेची, तिच्या गायनाची आणि तिच्यातील फारसी शब्दांची जी थट्टा झाली, तिचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे आचार्य अत्रे यांचे १९२५ मधील 'झेंडूची फुले'. जूलियन हे त्या विडंबनाचे आवडते लक्ष्य होते.

थट्टा सोसता येते. त्याहून कठीण प्रसंग याच सुमारास आला. एका विद्यार्थिनीशी असलेल्या स्नेहसंबंधावरून पुण्यात वादळ उठले आणि १९२४ मध्ये फर्ग्युसन सुटले. ऐन तिशीतला प्राध्यापक नोकरीविना राहिला. १९२८ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात जागा मिळेपर्यंतची चार वर्षे अस्थिरतेची होती. आश्चर्य वाटते ते हे, की त्यांच्या कष्टाच्या कामांपैकी मोठा भाग याच वर्षांतला आहे. 'फार्सी-मराठी कोश' १९२५ चा, 'विरहतरंग' हे खंडकाव्य १९२६ चे आणि 'छंदोरचना' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९२७ ची.

'छंदोरचना' हा ग्रंथ आज किती जण उघडून पाहतात, हा प्रश्न वेगळा. परंतु मराठी पद्याची अक्षरगणवृत्ते, मात्रांवर चालणाऱ्या जाती आणि केवळ अक्षरसंख्येवर उभे असलेले छंद अशी सुटसुटीत विभागणी अभ्यासकांच्या अंगवळणी पडली ती या ग्रंथामुळे. ओवी-अभंगांपासून फारसी वृत्तांपर्यंत सारे त्यांनी एका मापाने मोजले. १९३७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यावर डी.लिट. ही पदवी दिली. मराठी विषयासाठी ही पदवी मिळविणारे ते पहिलेच.

कवी म्हणून त्यांचा वारसा मोठा आहे, तसा वादग्रस्तही. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. 'गज्जलांजलि' हा संग्रह १९३३ मध्ये आला. ते गज्जल असे लिहीत. त्यांच्या गज्जलेत वृत्त आहे, काफिया आहे, रदीफही आहे. मात्र प्रत्येक शेर स्वतंत्र कवितेसारखा उभा राहावा, ही अट बहुधा पाळलेली दिसत नाही. ती गझलेच्या वृत्तातली भावगीते राहिली, हा आक्षेप रास्त आहे. तरीही जमीन नांगरली ती त्यांनीच. अमरावतीत जन्मलेल्या आणि पुढे नागपूरकर झालेल्या सुरेश भटांनी ती अट मराठीत रुजविली, आणि नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून काफिया-अलामतीचे नियम खेडोपाडी पोहोचविले. भटांचे निधन १४ मार्च २००३ रोजी नागपुरात झाले. रेशीमबागेतील सभागृहाला त्यांचे नाव आहे. जूलियन यांच्या वाट्याला विदर्भात असे काही आले नाही.

उत्तरायुष्यात या फारसीच्या पंडिताने घेतलेले वळण अनेकांना कोड्यात टाकणारे ठरले. ते भाषाशुद्धीच्या चळवळीत उतरले. १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि १९३८ मध्ये त्यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक आले. ज्या फारसी शब्दांचा कोश स्वतः रचला, तेच शब्द मराठीतून दूर व्हावेत असे ते आता मांडू लागले. विरोधकांना ही विसंगती वाटली. पण एखादा शब्द कोठून आला हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्यालाच तो परका म्हणून ओळखता येतो, हेही खरे. लकडगंजचे शुद्धीकरण त्यांनी कसे केले असते, असा खट्याळ प्रश्न मनात येतो. आणि मग लक्षात येते, की इतका आग्रह धरूनही त्यांनी एक परका शब्द कधीच सोडला नाही. तो त्यांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर होता.

'तुटलेले दुवे' हा सुनीतांचा संग्रह १९३८ चा. त्यानंतर फार काळ त्यांना मिळाला नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'मधुलहरी' हा संग्रह त्यांच्या पश्चात निघाला. आईला उद्देशून लिहिलेली त्यांची कविता पुढे लता मंगेशकर यांच्या आवाजात घरोघरी गेली. ती गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांना कवीचे नाव ठाऊक नसते, आणि ठाऊक असलेच तर पटवर्धन हे आडनाव ठाऊक नसते.