पोथी, छापील पुस्तक आणि विश्वास : बाबा पदमनजी यांचे चरित्र

अर्वाचीन मराठी गद्याच्या इतिहासात बाबा पदमनजी यांचे नाव बहुधा एकाच पुस्तकामुळे घेतले जाते. ते पुस्तक म्हणजे १८५७ साली प्रसिद्ध झालेले ‘यमुनापर्यटन’. मराठीतील पहिली कादंबरी कोणती हा प्रश्न निघाला की त्याची नोंद होते. तिच्या प्रचारकी स्वरूपाबद्दल दोन वाक्ये लिहिली जातात आणि इतिहासकार पुढे जातो. परंतु ह्या ग्रंथकाराने लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली. निबंध, कादंबरी, शब्दकोश, धर्मशास्त्रीय टीका, नियतकालिके आणि आत्मचरित्र एवढा त्यांच्या लेखनाचा विस्तार आहे. तो एकत्र पाहिला म्हणजे त्यामागील एक सूत्र स्पष्ट होते. परक्या भाषेतून आलेला धर्मविचार मराठी घरात वाचला जाण्याजोगा कसा करावा, हा प्रश्न पदमनजींनी आयुष्यभर सोडविण्याचा प्रयत्न केला, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या घरातच मोजली.

त्यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. आडनाव मुळे, ज्ञाती त्वष्टा कासार. वडील सरकारी नोकरीत होते. त्या वेळचे बेळगाव मुंबई इलाख्यातील लष्करी छावणीचे गाव होते, आणि मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा तेथील बाजारात बोलल्या जात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाला. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० सालीच तेथे आपले ठाणे स्थापन केले होते. ह्या मिशनच्या शाळेत बाबांना इंग्रजी शिक्षणाचा व बायबलाचा पहिला परिचय झाला.

शाळेत जाण्यापूर्वी अशा घरातील मुलाच्या कानांवर जे वाङ्मय पडे ते पोथीचे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ त्या काळच्या मराठी कुटुंबांचे सामाईक वाचन होते. पोथी एकाने वाचावी, इतरांनी ऐकावी, अध्याय संपला की नमस्कार करावा, अशी ती रीत. ह्या वाचनात ज्ञान, भक्ती आणि कौटुंबिक सहवास ह्या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत. पोथीत अर्थाविषयी शंका विचारता येत असे. पण पोथी खरी की खोटी हा प्रश्न उद्भवत नसे. मिशनच्या शाळेतील छापील पुस्तकाची प्रकृती वेगळी होती. ते एकट्याने, मनातल्या मनात वाचावयाचे होते, आणि वाचकाने निर्णय घ्यावा अशी त्याची मागणी असे. पदमनजींच्या जीवनातील संघर्ष समजून घेण्यास वाचनाच्या ह्या दोन पद्धतींतील अंतर ध्यानात घ्यावयास हवे.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि फ्री चर्चच्या शाळेत दाखल झाले. डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेसबिट, जे. मरे मिचेल ह्यांच्यासारखे विद्वान मिशनरी त्या वर्तुळात होते. धर्मांतराचा प्रश्न त्या शहरात केवळ तात्त्विक राहिला नव्हता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत ह्यालाही मिशनऱ्यांच्या घरातून न्यायालयाच्या आदेशाने परत आणावे लागले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही ह्यावरून ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. एखाद्या तरुणाने काय वाचले ह्याचा परिणाम त्याच्या पंगतीवर, विवाहावर आणि वारशावर होऊ शकतो, हे त्या प्रकरणाने साऱ्या मुंबईस दाखवून दिले होते.

ह्याच काळात पदमनजी परमहंस सभेचे सभासद झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि राम बाळकृष्ण जयकर ह्यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये स्थापन झालेली ही सभा जातिभेद व मूर्तिपूजा मानीत नसे. परंतु तिचे कामकाज गुप्तपणे चाले. निषिद्ध मानलेले पाव एकत्र बसून खाणे हा सभासदत्वाचा एक विधी होता. एकेश्वरवाद, नीती आणि बंधुभाव ही तिची तत्त्वे पदमनजींस मान्य होती. तथापि रात्री बंद दाराआड जातिबंधन तोडायचे आणि सकाळी घरी जाऊन ते पाळायचे, ही स्थिती त्यांना फार काळ मानवली नाही. सभेला तत्त्वे होती, पण उघडपणे हातात धरून वाचता येईल असा ग्रंथ नव्हता आणि उघडपणे राहता येईल असा समाज नव्हता. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. तिच्यातील विचार १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या रूपाने उघड झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, १८५४ मध्ये, पदमनजींनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला होता.

हा निर्णय जन्मगावी अमलात यावा ह्याला महत्त्व आहे. मुंबईच्या गर्दीत जे झाकून गेले असते ते बेळगावात आप्तांच्या आणि ज्ञातिबांधवांच्या डोळ्यांदेखत घडले. त्यांचा विवाह पूर्वीच झालेला होता. धर्मांतरानंतर पत्नी त्यांच्याबरोबर नव्या धर्मात आली नाही आणि तो संसार तुटला. पुढे त्यांनी ख्रिस्ती समाजातील स्त्रीशी विवाह केला. धर्मांतरितांच्या अशा अडकून पडलेल्या विवाहांसंबंधी सरकारने १८६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, ह्यावरून हा पेच एकट्या पदमनजींचा नव्हता हे दिसते. मात्र कायदा विवाहाची गाठ सोडवू शकतो. ज्या स्त्रीने पतीचा विश्वास स्वीकारला नाही तिच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘यमुनापर्यटन’ ह्या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. विधवाविवाहाचा कायदा जुलै १८५६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक निघाले. शिकलेली यमुना आपल्या पतीसह प्रवास करते. वाटेत तिला नाना स्थितीतील विधवा भेटतात. त्यांच्या हकिकतींतून केशवपन, उपासमार, अपमान आणि एकटेपण ह्यांचे चित्र उभे राहते. अखेर पतीच्या मृत्यूने तिच्यावरच वैधव्य येते. तिच्या केशवपनाचा घाट घातला जातो. ती ख्रिस्ती धर्माचा आश्रय घेते आणि पुनर्विवाह करते. कथानकाची बांधणी सैल आहे आणि उपदेश उघड आहे. परंतु ह्या दांपत्याची विशेषता अशी की पती आणि पत्नी एकच पुस्तक वाचतात, त्यावर बोलतात आणि एकाच विश्वासाकडे ओढली जातात. लेखकाच्या स्वतःच्या संसारात जे घडले नाही ते त्याने कथेत घडविले आहे. स्त्रीशिक्षणावर त्यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच निबंध लिहिला होता. तो विचार येथे कथारूप घेतो. स्त्रीला वाचता आले नाही तर पुरुषाचा नवा विश्वास घराच्या उंबरठ्याबाहेरच राहतो, हे त्यातील खरे प्रतिपाद्य होय.

त्याच १८५७ सालच्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी ह्यांचे जाहीर वादविवाद चालू होते. त्या वाळूवर सिद्धांताविरुद्ध सिद्धांत उभा राही, आणि श्रोत्यांचा जमाव जयपराजय ठरवी. पदमनजींनी खंडनमंडनाचे लेखनही पुष्कळ केले, आणि त्यातील भाषा पुष्कळदा कठोर आहे. जुन्या धर्मातील भक्तीच्या बाजूस ते न्याय देत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण कादंबरीत त्यांनी वादाची जागा बदलली. समुद्रकिनाऱ्यावरून तो वाद माजघरात आला आणि तेथे त्याचा निकष युक्तिवाद न राहता एका स्त्रीचे दुःख हा झाला.

तुलनात्मक दृष्टीने पाहता ही घटना एकाकी नाही. बंगालीत हाना कॅथरीन म्युलेन्स ह्यांचे ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तमिळमधील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘प्रताप मुदलियार चरित्रम्’ ही १८७९ ची कृती वेदनायकम् पिळ्ळै ह्या ख्रिस्ती न्यायाधिकाऱ्याची आहे. पैकी पहिल्या पुस्तकाची लेखिका मिशनरी कुटुंबातील असून ती बंगाली ख्रिस्ती स्त्रियांसाठी लिहीत होती. वेदनायकम् ह्यांनी सर्व तमिळ वाचकांच्या मनोरंजनाकडे लक्ष दिले. पदमनजी ह्या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. नुकताच सोडलेला समाज हाच त्यांचा वाचक होता. म्हणून त्यांच्या गद्यात जवळीक आणि दुरावा एकाच वाक्यात आढळतात.

धर्मविचार मराठीत आणावयाचा तर शब्द हवेत, आणि मराठीतील धर्मविषयक शब्द आधीच कोणाच्या तरी मालकीचे होते. प्रायश्चित्त म्हणजे लोकांच्या लेखी जातीत परत घेण्याचा विधी. मराठी बायबलात तो शब्द ख्रिस्ताच्या आत्मार्पणाशी जोडला गेला. तारण हा शब्द सावकाराच्या वहीतही होता आणि उपासनेतही आला. अवतार म्हटले की मराठी मनापुढे दशावतारांची मालिका उभी राही, आणि एकदाच घडलेल्या देहधारणाचा अर्थ त्यातून निसटे. अशा शब्दांशी ज्याची रोजची झटापट त्याने कोशकार्याकडे वळावे हे स्वाभाविकच होते. पदमनजींचे ‘शब्दरत्नावली’ हे पुस्तक मराठीतील समानार्थी शब्दांच्या संग्रहाचा आरंभीचा प्रयत्न आहे. मोल्सवर्थचा प्रचंड कोश १८३१ मध्ये, म्हणजे पदमनजींच्या जन्मवर्षी, प्रथम निघाला होता. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. सामान्य विद्यार्थ्यास परवडेल असा त्याचा संक्षेप पदमनजींनी १८६३ मध्ये सिद्ध केला. ह्या संक्षेपाचा उपयोग धर्माशी काही संबंध नसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांनी केला, आणि ज्यांनी त्यांचा धर्मविचार नाकारला त्यांच्याही मेजावर त्यांचे हे पुस्तक राहिले.

१८६७ मध्ये पुण्याच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांना दीक्षा मिळाली. पाळकाचे काम म्हणजे दर रविवारी एका लहान, गरीब आणि निरनिराळ्या जातींतून आलेल्या मंडळीपुढे उभे राहणे. ह्या मंडळीतील पुष्कळांना आप्तांनी टाकलेले होते. त्यांची पोथी सुटली होती, सणवार सुटले होते. रविवारची उपासना आटोपल्यावर घरात काय वाचावे, मुलांना काय सांगावे, ह्याची सोय नव्हती. पदमनजींच्या ‘सत्यदीपिका’, ‘कुटुंबमित्र’ ह्या नियतकालिकांचे महत्त्व ह्या संदर्भात कळते. त्यांतील दुसऱ्याचे नावच बोलके आहे. पोथीने भरलेली जागा रिकामी झाली होती, आणि ती भरणारे कौटुंबिक वाचन मराठीतच निर्माण व्हावयास हवे होते. काही वर्षांनी पाळकपद सोडून त्यांनी लेखनास आणि धार्मिक पुस्तकांच्या संपादनास वाहून घेतले. नव्या करारावरील त्यांची विस्तृत टीका ह्याच कार्याचा भाग होय. मूळ वचनाचा अर्थ मराठी वाचकाला परक्याच्या मध्यस्थीवाचून कळावा, हा तिचा हेतू.

‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ मध्ये निघाले. मराठीत प्रसिद्ध झालेल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. दादोबा पांडुरंगांचे आत्मवृत्त १९४७ पर्यंत हस्तलिखितातच राहिले होते. पदमनजींनी बालपणातील व्रते, देवस्थाने, घरातील माणसे ह्यांचे जे वर्णन केले आहे ते आता सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन ठरले आहे. शीर्षकाप्रमाणे आधी अंधार आणि नंतर प्रकाश अशी मांडणी लेखकाने योजली. तरी सर्वांत जिवंत पाने त्या अंधाराचीच आहेत, हे चोखंदळ वाचकाच्या ध्यानात येते. ज्या जगाचा त्याग केला त्याचे बारकावे त्यांच्या स्मरणात अखेरपर्यंत ताजे होते. मरे मिचेल ह्यांनी ह्या पुस्तकाचा इंग्रजी अवतार १८९० मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळ त्याच वेळी, १८८७-८८ मध्ये, अहमदनगरच्या धर्मांतरित मराठी कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन् ह्यांची ‘सगुणा’ मद्रासच्या नियतकालिकातून इंग्रजीत येत होती. तिच्यात दुसऱ्या पिढीचा अनुभव आहे. पदमनजींजवळ पहिल्या पिढीची जखम आहे.

बाबा पदमनजी २९ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत मरण पावले. त्यापूर्वी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ह्यांतून ख्रिस्तभक्तीला मराठी कंठ दिला आणि पदमनजींच्या वादप्रधान गद्याचे तेज त्यापुढे मंदावले. ही तुलना योग्य आहे, पण पूर्ण नाही. टिळकांना गाता आले त्याचे एक कारण असे की त्यांच्या पूर्वी कोणी तरी मराठीत ख्रिस्ती माणसासाठी शब्द, ग्रंथ आणि वाचक ह्यांची तजवीज करून ठेवली होती.

श्रद्धा, सिद्धांत आणि आधुनिक जीवन ह्यांचा मेळ भारतीय भाषांतून कसा घालावा, हा प्रश्न पदमनजींबरोबर संपला नाही. १९१० मध्ये स्थापन झालेले बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि १९५७ पासून त्याच नगरात काम करू लागलेली धर्म व समाज ह्यांच्या अभ्यासाची ख्रिस्ती संस्था ह्यांनी तो विसाव्या शतकात बहुतांशी इंग्रजीतून हाताळला. आता बेळगाव आणि बंगळूर एकाच राज्यात आहेत. दीपरा दांडेकर ह्यांच्या २०२१ मधील इंग्रजी ग्रंथाने पदमनजींकडे देशी भाषेतील ख्रिस्ती परंपरेचा निर्माता म्हणून पाहण्यास चालना दिली आहे. त्यांच्या पुस्तकांची दखल केवळ पहिलेपणाच्या वादापुरती घेणे सोयीचे असले, तरी ते अपुरे आहे. ज्या माणसाच्या घरातील पोथी सुटली आणि ज्याने दुसऱ्यांच्या घरांसाठी पुस्तके लिहिण्यात उरलेले आयुष्य घालविले, त्याचा विश्वास स्वीकारार्ह वाटो वा न वाटो, वाचनाला इतके गंभीरपणे घेणारे लेखक कोणत्याही भाषेत थोडेच असतात.