अभ्यासक्रमाचा शिल्पकार : प्रा. महादेव लाल श्रॉफ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने औषधशास्त्रातील माणसाचे चरित्र लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

माझी आतेबहीण बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने अभ्यासक्रमात सांगितलेले चार आठवड्यांचे प्रशिक्षण एका कारखान्यात, गोळ्यांच्या पॅकिंग विभागात पूर्ण केले. सुटीचे उरलेले दिवस ती ओळखीच्या एका औषधाच्या दुकानात बसत असे. एके दिवशी खेड्यातून एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे घेऊन आले. जुनी गोळी आणि नव्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, दोन्ही घ्यायच्या का, असे त्यांनी कन्नडमध्ये विचारले. ताईने पाकिटे उलटून पाहिली. नावे वेगळी, पण आत औषध एकच! आजोबा आठ दिवस दोन्ही गोळ्या घेत होते आणि उठताना चक्कर येते म्हणत होते. ताईने त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवले व पुढे सर्व ठीक झाले. परंतु त्या रात्री ती जेवतानाही गप्प होती. त्या औषधाची रासायनिक रचना ती झोपेतसुद्धा काढून दाखवील. पण समोरच्या माणसाला काय विचारावे, किती सांगावे आणि कुठे थांबावे, हे तिला तोवर कोणी प्रत्यक्ष शिकवले नव्हते.

पुढे तिच्या वर्गाने एक निवेदन तयार केले. प्रत्येक विद्यार्थ्याला काही आठवडे तरी रुग्णालयात आणि औषधाच्या दुकानात काम करावयास मिळावे, एवढीच त्यातली मुख्य मागणी. कन्नड प्रत तिच्या मैत्रिणीने लिहिली आणि मराठी प्रत अक्षर बरे म्हणून माझ्याकडे आली. निवेदन शांतपणे ऐकून घेतले गेले. अभ्यासक्रम दिल्लीहून ठरून येतो, तो बदलणे कॉलेजच्या हाती नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नव्हते. पण मला प्रश्न पडला की, हा अभ्यासक्रम अगदी पहिल्यांदा ठरवला तरी कोणी? त्या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले आणि तेथे प्रा. महादेव लाल श्रॉफ भेटले.

श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. मॅट्रिकनंतर अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी ते बनारसला गेले. पंडित मदनमोहन मालवीय यांचे हिंदू विद्यापीठ १९१६ मध्ये स्थापन झालेले, म्हणजे अगदी कोवळे होते. पण तो काळ स्वस्थपणे शिकण्याचा नव्हता. १९२० मध्ये महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेने देशातील कॉलेजे ढवळून निघाली. तरुण श्रॉफ विद्यार्थ्यांच्या आंदोलनात उतरले आणि त्याची किंमत म्हणून त्यांना कॉलेजला मुकावे लागले. ज्याने पुढे देशातील पहिला औषधशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आखला, त्याचा स्वतःचा पहिला अभ्यासक्रम असा अर्ध्यावरच तुटला होता.

अशा वेळी निराश होऊन घरी बसणारे पुष्कळ असतात. श्रॉफ यांनी परदेशाची वाट धरली आणि अमेरिका गाठली. तेथे त्यांनी रसायनशास्त्र व रासायनिक अभियांत्रिकी यांचा अभ्यास केला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत उच्च शिक्षण घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. भारतात औषधविद्येच्या शिक्षणाचे जनक म्हणून ज्यांना मान दिला जातो, ते स्वतः औषधाच्या दुकानातून किंवा रुग्णालयातून आलेले नव्हते. ते प्रयोगशाळेतून आलेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पुढच्या कार्याचे बळ यातच आहे, आणि त्यातली उणीवही.

ते परतले तेव्हा देशातील औषधांची स्थिती कशी होती? आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतला दवाखाना डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, आतल्या खोलीत कंपाउंडर मिश्रण तयार करून बाटलीत भरी आणि डोस कळावेत म्हणून बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. या कंपाउंडरचे शिक्षण बहुधा हाताखाली राहून झालेले असे. तयार औषधे बव्हंशी परदेशांतून येत. बाजारात भेसळीचा आणि हलक्या मालाचा सुळसुळाट होता, हिवतापावरच्या क्विनीनबद्दलसुद्धा तक्रारी होत्या. औषधाच्या शुद्धतेवर लक्ष ठेवील असा देशव्यापी कायदा नव्हता. औषध कोणी बनवावे आणि कोणी विकावे, यालाही बंधन नव्हते.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने देशभर फिरून १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांवर नियंत्रण आणणारा कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात आणि या व्यवसायासाठी शिकलेली माणसे हवीत, असा त्याचा मथितार्थ होता. अहवाल चांगला होता. पण शिकलेली माणसे आणायची कोठून? त्यांना शिकवणारे कॉलेजच देशात नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचे काम श्रॉफ यांनी हाती घेतले, आणि तेही बनारसमध्येच. ज्या विद्यापीठातून विद्यार्थी म्हणून बाहेर पडावे लागले, तेथेच मालवीयजींच्या पाठिंब्याने ते अध्यापक म्हणून उभे राहिले. १९३२ मध्ये औषधी रसायन हा विषय बी. एस्सी.च्या अभ्यासात दाखल झाला. १९३७ मध्ये तीन वर्षांचा स्वतंत्र बी. फार्म. अभ्यासक्रम सुरू झाला. औषधशास्त्राची ही देशातील पहिली पदवी. १९४० पर्यंत पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय झाली. १९४४ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात आणि १९४७ मध्ये अहमदाबादला औषधशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. वाट बनारसने आधीच पाडली होती.

या अभ्यासक्रमाचा कणा रसायनशास्त्राचा होता. औषधाची घडण कशी, त्याची शुद्धता कशी तपासावी, वनस्पतिजन्य औषधे कशी पारखावीत, गोळ्या आणि मिश्रणे कशी बनवावीत, या गोष्टींवर भर होता. रुग्ण मात्र त्यात दूर राहिला. याला श्रॉफ यांची चूक म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्या देशात बाटलीतले औषध खरे की खोटे हेच सांगता येत नव्हते, तेथे आधी खरे औषध बनवणारा आणि खोटे ओळखणारा माणूस तयार करणे हीच मोठी निकड होती. देशात कारखाने नव्हते, तपासनीस नव्हते, अध्यापक नव्हते. श्रॉफ यांनी आपल्या काळाच्या प्रश्नाला चोख उत्तर दिले.

केवळ वर्गात शिकवून काम भागणार नाही हेही त्यांनी ओळखले होते. शिक्षणामागे व्यवसायाची संघटना आणि कायदा उभा राहिला नाही, तर पदवीचा कागद भिंतीवरच राहतो. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी संयुक्त प्रांतात औषधशास्त्राच्या व्यावसायिकांची संघटना स्थापन केली. तिच्यातूनच पुढे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन ही अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९३९ मध्ये त्यांनी इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे नियतकालिक सुरू करून त्याचे संपादन केले. देशातल्या औषधशास्त्राला स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते असे.

हळूहळू फळ दिसू लागले. १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला, १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली आणि १९५३ मध्ये शिक्षणाचे पहिले नियम लागू झाले. हे सारे एकट्या श्रॉफ यांनी केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शिकलेल्या माणसांची पहिली तुकडी त्यांच्या वर्गांतून बाहेर पडली नसती, तर या कायद्यांची अंमलबजावणी करणारे हात कोठून आले असते?

१९४३ मध्ये त्यांनी बनारस सोडले. पुढे राजस्थानातील पिलानी येथे आणि नंतर कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात त्यांनी औषधशास्त्राच्या शिक्षणाची उभारणी केली. एका ठिकाणी रोप लावावे, ते मूळ धरू लागले की दुसरीकडे जावे, असा त्यांचा जीवनक्रम दिसतो. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ६ मार्च आज देशातील फार्मसी कॉलेजांत शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

चरित्र येथे संपते, पण त्या माणसाने लावलेल्या व्यवस्थेचा हिशेब येथे संपत नाही.

१९५३ च्या नियमांनंतर एक विभागणी पक्की होत गेली. दुकानात व रुग्णालयात औषध देण्यासाठी पदविका, आणि कारखान्यात व प्रयोगशाळेत जाण्यासाठी पदवी. पदवीने आपले काम उत्तम बजावले. आज भारतात बनलेल्या गोळ्या जगभर जातात, त्यामागे बनारसच्या त्या रसायनप्रधान वर्गाचे ऋण आहे. परंतु याच काळात औषधांचे जग पालटले. कंपाउंडरची बाटली गेली आणि एकाच औषधाची पन्नास नावे आली. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांच्या गोळ्या एकेक माणूस वर्षानुवर्षे आणि चार-पाच एकत्र घेऊ लागला. औषध खरे आहे का, या प्रश्नाच्या शेजारी दुसरा प्रश्न उभा राहिला. हे औषध या माणसाने, याच्या इतर औषधांबरोबर, कसे घ्यावे?

अभ्यासक्रमाला हा प्रश्न दिसलाच नाही असे नाही. आपल्याच राज्यात म्हैसूरला १९९० च्या दशकात रुग्णालयातील औषधसेवेचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम आला. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढावे लागते. २०१५ च्या नियमांनी तर रुग्णाला औषधाची नीट माहिती देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्यच ठरवले. पण बी. फार्म.चे काय? २०१६-१७ पासून लागू झालेल्या सत्रपद्धतीत बाहेरच्या प्रशिक्षणाला चार आठवड्यांतले १५० तास दिले आहेत, आणि ते कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात कोठेही पूर्ण करता येतात. उलट दोन वर्षांच्या पदविकेला ५०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. म्हणजे जो चार वर्षे शिकतो, त्याने एकाही रुग्णाशी न बोलता पदवी घेतली तरी चालते. आणि त्याच पदवीवर त्याची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. आम्हा वाणिज्यवाल्यांना आकडे जुळवण्याची सवय असते. हे आकडे काही केल्या जुळत नाहीत.

हिशेबशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात की, ताळेबंद हा एका विशिष्ट तारखेचा असतो. त्या दिवशी तो अगदी बरोबर असला, तरी दुसऱ्या वर्षी तोच पुढे करता येत नाही. नवा मांडावा लागतो. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. श्रॉफ यांनी १९३७ चा ताळेबंद मांडला आणि तो अचूक होता. त्यात पुढे भर पडत गेली, परंतु रुग्णाचे खाते अजून पुरते उघडलेले नाही. यात दोष श्रॉफ यांचा नसून, त्यांच्यानंतर वही पुढे नेणाऱ्यांचा आहे.

श्रॉफ यांच्या चरित्रातून मला जे मिळाले ते ताईला सांगितले. ज्याला आज सारे जनक म्हणतात, तो एके काळी आंदोलनात भाग घेतल्यामुळे कॉलेजला मुकलेला विद्यार्थी होता. त्याने अभ्यासक्रम आभाळातून पडलेला मानला नाही. देशात काय नाही ते पाहिले आणि ते नव्याने लिहिले. तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमात आज काय नाही ते नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगणारे विद्यार्थी त्याचा अवमान करीत नसून त्याचेच काम पुढे नेत आहेत.

ताईच्या वर्गाचे निवेदन अजून कोठल्या तरी टेबलावर आहे. परवा तिने त्याची दुसरी प्रत करण्यास सांगितले. या खेपेस मी तिच्यात १५० आणि ५०० हे दोन आकडे ठळक अक्षरांत लिहिले आहेत.

— बी. कॉम. भाग २