गाजरगवताचं बारसं करणारे लिनियस

बांधावरचं तण एकच, पण कुणी त्याला गाजरगवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणी. जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी मात्र नाव एकच, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. 1753 साली हे नाव छापलं स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी. आंबा, वड, पिंपळ यांची शास्त्रीय नावंही त्यांचीच. भारतात मात्र ते कधी आले नाहीत.

23 मे 1707 रोजी दक्षिण स्वीडनमधल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पाद्री, पण बागेचा भारी नाद. आडनावसुद्धा त्यांनी लिंडेनच्या झाडावरून घेतलेलं. मुलानेही पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण पोराचं सगळं लक्ष झाडाझुडपात. शेवटी ते डॉक्टरकी शिकले आणि 1741 मध्ये उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी झाडाचं नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असायचं. चिरबोटीच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या फांद्या कशा, पानांच्या कडा कशा, हे सगळं नावातच. लक्षात कोण ठेवणार? लिनियस यांनी ते दोन शब्दांवर आणलं, फिसॅलिस अँगुलाटा. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचा.

त्यांच्या लेखी ही नुसती सोय होती, खरं काम वर्गवारीचं. फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून त्यांनी वनस्पतींचे वर्ग पाडले. मोजायला सोपं, पण त्यात एकमेकांच्या नात्यातली नसलेली झाडं एकाच दावणीला बांधली गेली. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती पद्धत सोडली, नावं मात्र टिकली.

नाव नुसतं चिकटवून भागत नाही, आधी जीव नीट बघावा लागतो. 1735 च्या त्यांच्या ग्रंथात देवमासा माशांमध्ये होता. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, म्हणून 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याला गाई-म्हशींच्या सस्तन वर्गात आणलं. त्याच ग्रंथात माणूस माकडांच्या शेजारी बसला. तिथेच त्यांनी माणसांचे रंगावरून आणि स्वभावावरून गट पाडले. ते साफ चुकलं आणि त्याचा पुढे वाईट वापरही झाला.

10 जानेवारी 1778 रोजी लिनियस गेले. त्यांनी कागदावर चिकटवून ठेवलेल्या हजारो वनस्पती 1784 मध्ये एका इंग्रज तरुणाने विकत घेतल्या. आता त्या लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत. एखाद्या नावावर वाद निघाला, की संशोधक आजही ती वाळलेली पानं बघतात.