खोकला लपवून हसवणारा मोलियर

साहित्य हा विषय घेतला असेल किंवा एकांकिकांच्या नादाने नाटकाशी दोस्ती झाली असेल, तर मोलियर हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणार. फ्रेंच माणूस, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, विनोदी नाटकं लिहायचा. बहुतेकांची ओळख इथेच संपते. मग परीक्षा आली की मोबाइलवर सारांश शोधायचा आणि उत्तर ठोकून द्यायचं. पण सारांशात नुसतं कथानक मिळतं. त्यातलं हसू आणि त्या हसण्यापायी लेखकाने काय सोसलं, हे राहूनच जातं. म्हणून आधी माणूस बघा, मग नाटक उघडा.

तसा तो आपल्याला अगदी परकाही नाही. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ पाहिलंय ना? त्याचं मूळ मोलियरच्या 1660 मधल्या ‘स्गानारेल’ या प्रहसनात आहे. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या वाटेने ते मराठीत आलं. आचार्य अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ही त्याच्याच ‘द मायझर’वरून घेतलेलं.

गादीवर लाथ

त्याचं खरं नाव झाँ बातिस्त पोकलँ. जानेवारी 1622 मध्ये पॅरिसमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील राजवाड्यातल्या गाद्या, पडदे, फर्निचरची व्यवस्था बघणारे मानकरी. ते पद पुढे पोरालाच मिळायचं होतं. म्हणजे आजच्या भाषेत, लाइफ सेट! पण 1643 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने वारसा सोडला आणि मादलेन बेजार या अभिनेत्रीसोबत नाटक मंडळी काढली. त्या काळी नटांना चर्च पापी समजायचं. घरी काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

मंडळी दोन वर्षांत बुडाली. 1645 मध्ये देणेकऱ्यांनी त्याला तुरुंगात धाडलं. त्यांच्यात एक मेणबत्त्यांचा व्यापारी होता, कारण रंगमंचावर उजेड मेणबत्त्यांचाच असायचा. सुटल्यावर त्याने पॅरिस सोडलं आणि जवळपास 13 वर्षं गावोगाव प्रयोग केले. प्रेक्षक कशाला हसतो, कुठे कंटाळतो, हे तो तिथेच शिकला.

24 ऑक्टोबर 1658 ला मंडळी लूव्हर राजवाड्यात तरुण राजा चौदाव्या लुईसमोर उभी राहिली. आधी कॉर्नेयची गंभीर शोकांतिका झाली. ती फारशी रंगली नाही. मग मोलियरने स्वतःचं छोटं प्रहसन सादर केलं आणि राजा खूश झाला. मंडळीला पॅरिसमध्ये जागा मिळाली.

पाच वर्षांची बंदी

खरी लढाई पुढे होती. मे 1664 मध्ये व्हर्सायला ‘तार्त्यूफ’ सादर झालं. धार्मिकतेचं सोंग घेतलेला एक भामटा सज्जनाच्या घरात घुसतो, मालकाला भुलवतो, त्याच्या बायकोवर डोळा ठेवतो आणि घरही बळकावू पाहतो, अशी गोष्ट. धर्ममार्तंड खवळले. राजाला नाटक आवडलं होतं, तरी त्याने जाहीर प्रयोगांना मनाई केली. 1667 मध्ये मोलियरने नाव बदलून, धार बोथट करून ते पुन्हा आणलं. एकाच प्रयोगानंतर बंदी! राजा तेव्हा युद्धावर होता, म्हणून मोलियरने दोन नटांना थेट त्याच्या छावणीवर पाठवलं. इकडे पॅरिसच्या आर्चबिशपने फर्मान काढलं: हे नाटक करणारा, बघणारा, वाचणारासुद्धा धर्माबाहेर.

मोलियर हटला नाही. मंडळी जगवायची म्हणून तो दुसरी नाटकं लिहीत राहिला. ‘द मिझान्थ्रोप’ आणि ‘द मायझर’ याच काळातली. अखेर फेब्रुवारी 1669 मध्ये परवानगी मिळाली आणि ‘तार्त्यूफ’ तुफान चालला.

शेवटचं नाटक ‘द इमॅजिनरी इनव्हॅलिड’. त्यात स्वतःला आजारी समजणाऱ्या धडधाकट माणसाची भूमिका करत होता खरोखर आजारी असलेला मोलियर. 17 फेब्रुवारी 1673 ला चौथ्या प्रयोगात त्याला झटका आला. तो त्याने हसण्याआड लपवला, प्रयोग पूर्ण केला आणि त्याच रात्री घरी प्राण सोडले. मरताना नटाचा पेशा धिक्कारला नव्हता, म्हणून चर्चने दफन नाकारलं. पत्नी आर्मांद राजाकडे गेली, तेव्हा कुठे चार दिवसांनी, रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता दफन झालं.

शोधाल कुठे?

आता तुमच्या अभ्यासाचं. मूळ नाटक आधी वाचा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कर्टिस हिडन पेजचा ‘तार्त्यूफ’ आणि चार्ल्स हेरन वॉलचा ‘द मायझर’ हे इंग्रजी अनुवाद फुकट आहेत. भाषा जरा जुनी वाटेल, पण प्रसंग झपाझप पुढे सरकतात. फ्रेंच शिकत असाल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या डिजिटल संग्रहात जुन्या आवृत्त्या चाळा.

दुसरं, ऐकीव माहिती तपासून घ्या. मोलियर रंगमंचावरच मेला, असं कितीतरी ठिकाणी वाचाल. त्याच्या मंडळीतला नट ला ग्राँज हिशेबाची वही ठेवायचा. त्या रात्रीची नोंद सांगते की मृत्यू प्रयोगानंतर, घरी झाला. ही वही 1876 मध्ये छापली गेली आणि तिच्या स्कॅन प्रती मिळतात. रोज गल्ला किती जमला, हेही त्यात आहे. कोणतं नाटक चाललं आणि कोणतं पडलं, हे गाइडऐवजी तिथून सांगितलंत, तर उत्तराला वजन येईल.

तिसरं, नाटक बघा आणि मोठ्याने वाचा. प्रयोगांच्या चित्रफिती ऑनलाइन सापडतात. त्या नसतील तर चार मित्र जमवा, पात्रं वाटून घ्या आणि हॉस्टेलच्या खोलीत ‘तार्त्यूफ’चा तो प्रसंग वाचा, ज्यात नवरा टेबलाखाली लपलेला असतो. टेबलाखाली एकाला खरंच बसवा. तो बाहेर यायला इतका वेळ का लावतो, यावर तुमच्यात वाद झाला, तर समजा की अभ्यास सुरू झाला.