काचेवरच्या वाफेचे गूढ उकलणारे लॉर्ड रॅले

चष्मा पुसण्यापूर्वी काचेवर तोंडाची वाफ सोडली की काच क्षणभर धूसर होते. हा अनुभव सर्वांचाच. मात्र या धूसरपणाचे कारण शोधण्यासाठी सत्तरीच्या उंबरठ्यावर, तेही नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर, प्रयोग करणारा शास्त्रज्ञ विरळाच. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ते केले. सूक्ष्म थेंबांच्या साह्याने पॉलिमरच्या अतिसूक्ष्म रचना घडविण्याच्या आजच्या तंत्राची पूर्वपीठिका या प्रयोगांत आहे.

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका जमीनदार सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्याने शालेय शिक्षण वारंवार खंडित झाले. तरीही केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातून १८६५ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले. आकाश निळे का दिसते, याचे प्रकाशाच्या विकिरणावर आधारलेले स्पष्टीकरण त्यांनी १८७१ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी संधिज्वराने त्यांना गाठले. प्रकृती सुधारावी म्हणून ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरील नौकेत त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपल्या विख्यात ग्रंथाचे लेखन सुरू केले. १८७३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर सरदारकी त्यांच्याकडे आली. टर्लिंग येथील वडिलोपार्जित वाड्यात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि १८७६ मध्ये शेतीवाडीचा कारभार धाकट्या भावावर सोपवला.

द्रवपदार्थांचे वर्तन हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय. नळाची बारीक धार काही अंतरावर तुटून तिचे थेंब का होतात, याचे गणित त्यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस मांडले. पृष्ठताणामुळे धारेवर फुगवटे निर्माण होतात आणि त्यांपैकी ठरावीक अंतरावरचे फुगवटे सर्वांत वेगाने वाढून धार तोडतात, असे त्यांनी दाखवून दिले.

१८७९ मध्ये मॅक्सवेल यांच्या निधनानंतर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. विजेच्या एककांची अचूक निश्चिती हे तेथील त्यांचे मोठे काम. पाच वर्षांनी ते टर्लिंगला परतले.

तेथे १८९० मध्ये त्यांनी केलेला प्रयोग आजही नवल वाटावा असा आहे. स्वच्छ पाण्यावर टाकलेले कापराचे कण गरगर फिरतात, मात्र पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की थांबतात. हे फिरणे थांबण्यासाठी ऑलिव्ह तेल किती लागते, हे रॅले यांनी मोजले. त्यावरून थराची जाडी निघाली सुमारे १.६ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित अधिक! रेणूंच्या अस्तित्वाबद्दलच शंका घेतली जात असलेल्या काळात रेण्वीय मापाच्या जवळ पोहोचणारे हे मोजमाप होते.

पुढच्याच वर्षी त्यांना जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स या तरुणीचे पत्र आले. विद्यापीठाचे दरवाजे बंद असलेल्या या तरुणीने घर सांभाळत, साध्या उपकरणांनिशी पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास केला होता. तिचे काम काही बाबतींत आपल्याही पुढे आहे, हे रॅले यांनी ओळखले. जर्मन पत्राचा त्यांच्या पत्नीने अनुवाद केला आणि रॅले यांच्या शिफारशीवरून तो १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये पॉकेल्स यांच्याच नावाने छापून आला. प्रतिष्ठित सरदाराला ते श्रेय स्वतःकडे घेणे अवघड नव्हते.

हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक नायट्रोजनपेक्षा किंचित जड का, या प्रश्नाचा माग काढताना त्यांनी विल्यम रॅम्झे यांच्यासह आरगॉन वायू शोधला. त्यासाठी १९०४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली.

१९११ मध्ये ते काचेवरच्या वाफेकडे वळले. काचेवरून ज्योत फिरवून नंतर वाफ सोडली असता, ज्योतीच्या मार्गावर पाण्याचा सलग, पारदर्शक थर बसतो. इतरत्र मात्र असंख्य सूक्ष्म थेंब जमून काच धूसर होते. ज्योतीमुळे काचेवरचा तेलकटपणा नाहीसा होतो, असे कारण त्यांनी दिले. पृष्ठभाग कसा आहे, यावर थेंबांचे रूप ठरते, हे त्यातून पुढे आले.

फ्रान्समधील संशोधकांनी १९९४ मध्ये याच घटनेचा वेगळा उपयोग जाहीर केला. पॉलिस्टायरीनचे द्रावण दमट हवेत सुकू दिले की, द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर दवासारखे थेंब जमतात. हे थेंब शिस्तीत शेजारी शेजारी मांडले जातात, पॉलिमर त्यांच्याभोवती घट्ट होतो. शेवटी पाणीही उडून जाते आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रांची जाळी मागे राहते. छिद्रांचा आकार काहीशे नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असतो. महागडा साचा नको की कोरीवकाम नको. थेंब हाच साचा. गाळण्या आणि पेशी वाढविण्यासाठीचे आधार यांकरिता अशा जाळ्यांवर पुढे संशोधन झाले.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आणि केंब्रिजचे कुलपती ही पदे भूषविलेल्या रॅले यांचे ३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे निधन झाले. त्यांच्या नावावर ४४६ शोधनिबंध आहेत. काचेवरच्या वाफेचा तेव्हा कुणाला काही उपयोग दिसत नव्हता. तो दिसायला आठ दशके जावी लागली.