डॉ. अलेक्झांडर गिब्सन

वेंगुर्ल्यास मृगाचा पाऊस कोसळूं लागला म्हणजे ओढ्यांचें पाणी तांबडें होऊन खाडीकडे धांवतें. तो तांबडेपणा म्हणजे आपल्या डोंगरांची माती होय. ती जागच्या जागीं कशी राहील, याची चिंता ज्यांनीं प्रथम वाहिली, त्यांपैकीं डॉ. गिब्सन हे एक प्रमुख होत.

त्यांचा जन्म १८०० सालीं स्कॉटलंडांत झाला. एडिंबरो येथें वैद्यक शिकून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत दाखल झाले. दख्खन व खानदेश या भागांत देवी टोचण्याचें काम त्यांच्याकडे होतें. पुढें १८३८ सालीं पुण्याजवळील दापोडीची सरकारी वनस्पतिबाग त्यांच्या हातीं आली. तेथें औषधी वनस्पती लावून ते सरकारास औषधें पुरवीत. त्या बागेंत त्यांनीं काढवून घेतलेलीं वनस्पतींचीं चित्रें एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत आजही जपून ठेविलीं आहेत.

१८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या काळीं जहाजांसाठीं सागवान बेसुमार तुटत होता. कुमरीच्या शेतीसाठीं डोंगरउतारावरील रानें जाळलीं जात होतीं. वैद्यानें लक्षणांवरून रोग ओळखावा, त्याप्रमाणें गिब्सनांनीं आटलेले झरे व गाळानें भरत चाललेल्या खाड्या पाहून त्यांचें मूळ तोडलेल्या रानांत शोधिलें आणि सरकारास तसें कळविलें. पुढें रानांवर निर्बंध आले. त्यांचा भार डोंगरांतील गरीब कुटुंबांवर पडला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कारण रान राखणें आणि रानावर जगणाऱ्यांस राखणें, हा पेंच तेव्हांपासूनचा आहे.

१८६० सालीं ते सेवानिवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं डाल्झेल यांच्यासह त्यांनीं लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ सालीं त्यांचा अंत झाला.

गिब्सनांनीं डोळ्यांनीं पाहिलें, त्याच विषयाची दुसरी बाजू जर्मनींत एर्न्स्ट एबरमायर या अध्यापकांनीं मोजून दाखविली. रानांत पडलेला पालापाचोळा वर्षानुवर्षें खरडून नेला तर जमिनीचा कस जातो, हें त्यांनीं १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. आपल्या कोंकणांत भाजावळीसाठीं पातेरा गोळा करण्याची चाल जुनी आहे. तरवा तर भाजलाच पाहिजे. परंतु पातेऱ्याची पांटी भरतांना, यांतील थोडा वांटा झाडाच्या मुळाशीं ठेवावा काय, एवढा विचार विद्यार्थ्यांनीं घरच्या वडील मंडळींसह अवश्य करावा.