अंधारात पाडलेली छिद्रे

गोंदियात टीव्ही घ्यायला गेलात की दुकानदार ‘फुल एचडी’, ‘फोर के’, ‘60 हर्ट्झ’ असे आकडे ऐकवतो. चित्र टिपणारा, पाठवणारा आणि दाखवणारा या सगळ्यांनी पाळायची ही ठरलेली मापे. दादासाहेब फाळके यांच्या काळी हे माप फिल्मच्या कडेच्या छिद्रांत होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, 30 एप्रिल 1870 चा. चित्रकला, छायाचित्रण, छपाई सगळे करून झाले होते. 1911 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि मग दुसरे काही सुचेना. रोज कित्येक तास चित्रपट पाहायचे, घरी प्रयोग करायचे, झोप जेमतेम. अखेर दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परतली. (नुसत्या ताणाने सहसा अशी दृष्टी जात नाही. अचानक दिसेनासे झाले तर चष्म्याचे दुकान नव्हे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.)

विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके 1912 मध्ये लंडनला गेले. विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रे पाडायचे यंत्र घेऊन परतले. कोरी फिल्म बिनछिद्रांची यायची. रुंदी 35 मिलिमीटर, प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, हे माप 1909 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मान्य झाले होते. छिद्र जरा सरकले की पडद्यावर चित्र उडते. उजेड लागला तर फिल्म वाया. म्हणून घरचे सगळे आवरल्यावर सरस्वतीबाई अंधारात, हाताच्या अंदाजाने छिद्रे पाडत. दागिनेही त्यांनीच दिले होते. त्यांच्या वाट्याला श्रेय फार उशिरा आले.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण 16 चित्रे. बोलपटाने 24 हा आकडा पक्का केला. आपल्या टीव्हीने, 50 हर्ट्झच्या विजेशी जुळवून, 25 चित्रे स्वीकारली. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट टीव्हीवर तसाच चालवला तर सुमारे पाच मिनिटे आधी संपतो. डिजिटल टीव्हीतही 25 आणि 50 हे आकडे टिकून आहेत.

फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला वारले. भारतात टीव्ही आला 1959 मध्ये. त्यांच्या चित्रपटांचे वाचलेले तुकडे आज मोबाइलवर दिसतात. वेग न जुळवता दाखवले की त्यातली माणसे उगाच धावत सुटतात.